कॉन्स्टेबलच्या नदीकाठी एक दिवस: फ्लॅटफर्डला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडनमध्ये नव्याने आलेलं कुणी "एक दिवस शहराबाहेर कुठे जाऊ?" असं विचारलं, की मी फ्लॅटफर्ड सांगते. सफोक आणि एसेक्स या दोन काउंटींच्या सीमेवरून स्टाउर नावाची (काही जण स्टूर म्हणतात) एक बेताची नदी वाहते. तिच्या काठी एक विटांची पाणचक्की, एक पांढरं घर, लाकडी पूल आणि कुरणात चरणारी गुरं. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल 11 जून 1776 रोजी इथून मैलभरावरच्या ईस्ट बर्गहोल्ट गावात जन्मला आणि त्याची सगळ्यांत गाजलेली चित्रं याच दोन-तीन मैलांच्या पट्ट्यातली आहेत. 2026 मध्ये त्याच्या जन्माला 250 वर्षं होतात, म्हणजे जाऊन यायला निमित्तही आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगते. पुष्कळ जण गाडीने येतात, त्या पांढऱ्या घराचा फोटो काढतात, स्कोन (चहाबरोबरचा केकसारखा छोटा पाव) खातात आणि "एवढंच?" म्हणून परत जातात. त्यांचा दोष नाही. ते सुंदर देखावा बघायला आलेले असतात, आणि कॉन्स्टेबलने इथे निव्वळ देखावा रंगवलेलाच नाही. ही नदी त्याच्या घरच्या धंद्याची होती. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड आणि डेडम इथल्या पाणचक्क्या त्यांच्याकडे होत्या, बर्गहोल्टला पवनचक्की होती, आणि खाली मिस्टलीच्या धक्क्यावरून लंडनला माल नेणारं 'टेलिग्राफ' नावाचं छोटं जहाजही होतं. चित्रांतले पडाव, घोडे, दोर, फळ्या हे सगळं कामाचं सामान आहे. ते कळलं की तीच नदी वेगळी दिसायला लागते. म्हणून खालचा दिवसाचा क्रम मी त्या हिशोबाने लावला आहे.

आदल्या आठवड्यात: आधी चित्र बघा

ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' म्हणजे 'गवताची गाडी' हे चित्र आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. चित्र 130 सेंटिमीटर उंच आणि 185 सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे फोनवर बघून त्याची कल्पना येत नाही. त्याच्यासमोर निदान पंधरा मिनिटं बसा आणि या गोष्टी शोधा: डावीकडे घराशी पाण्याजवळ वाकलेली बाई, काठावरचा कुत्रा, उजवीकडे लव्हाळ्यांच्या गर्दीत होडीजवळचा मासे धरणारा, आणि लांब पलीकडच्या कुरणात गवत कापणारी अगदी बारीक माणसं. ती माणसं पहिल्या नजरेत दिसतच नाहीत. ती दिसली की मगच मधली रिकामी गाडी कुठे निघाली आहे ते समजतं: गवत भरून आणायला.

हे चित्र 1821 चं. रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात तेव्हा त्याचं नाव 'लँडस्केप: नून' म्हणजे 'निसर्गचित्र: दुपार' असं होतं, आणि ते तिथे विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसच्या सलों या मोठ्या कलाप्रदर्शनात मात्र त्याला सुवर्णपदक मिळालं. आणखी एक लक्षात ठेवा: एवढं मोठं चित्र नदीकाठी बसून काढलेलं नाही. ते लंडनमध्ये, जुन्या स्केचेसवरून रंगवलं. गाडीचे तपशील नीट यावेत म्हणून त्याने गावाकडून गाडीची रेखाटनं मागवून घेतली होती. 

वेळ असेल तर साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही जा, तेही फुकट आहे. तिथे 'हे वेन'चं त्याच आकाराचं कच्चं तैलचित्र आहे आणि 'बोट-बिल्डिंग' हे चित्र आहे. ते दुसरं जरूर बघा, कारण ती जागा तुम्ही प्रत्यक्ष बघणार आहात. ज्यांना एकच ठिकाण जमणार आहे त्यांनी नॅशनल गॅलरी करावी.

कधी जावं

मे-जूनमध्ये कुरणं भरलेली असतात आणि उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मला स्वतःला जास्त आवडतो: गर्दी कमी आणि ढग भरपूर. हिवाळ्यात कुरणांत पाणी साचतं, चिखल घोट्यापर्यंत येतो, आणि काही ठिकाणं बंदही असतात. पहिल्या खेपेला हिवाळा टाळा. शनिवार-रविवारपेक्षा मधला वार बरा.

गाडी आणि तिकीट

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून मॅनिंगट्रीला उतरायचं. साधारण तासाभराचा प्रवास. ऑइस्टर कार्ड इथे चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. सकाळच्या गर्दीनंतरचं ऑफ-पीक परतीचं तिकीट घ्या. तिघे किंवा जास्त जण असाल तर ग्रुपसेव्ह या गटाच्या सवलतीची चौकशी करा, दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड या दोघांच्या सवलतकार्डावर तिसरा हिस्सा सुटतो. सुट्टीच्या दिवशी रुळांची कामं निघाली की मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि दिवसाचा तास-दीड तास जातो, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळापत्रक बघूनच ठरवा.

साडेनऊच्या सुमाराला लंडन सोडलं तर दुपारी बाराच्या आत तुम्ही चक्कीच्या डोहाशी असाल. ही वेळ मी मुद्दाम धरली आहे, कारण ते चित्र दुपारचं आहे.

सोबत काय घ्यावं

पाणी आत न जाणारे बूट. पातळ रेनकोट, कारण उघड्या कुरणात वारा छत्रीला टिकू देत नाही. लांब पँट, कारण वाटेच्या कडेला नेटल नावाची झुडपं असतात आणि ती खाजकुयलीसारखी पोळतात. (चटका बसलाच तर खाजवू नका, पाण्याने धुवा. इथले लोक शेजारीच उगवणारं रुंद पानांचं डॉक चोळतात.) ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर 196 हा नकाशा या भागाचा आहे. कागदी नको असेल तर नकाशा घरूनच फोनवर उतरवून घ्या. जेवण बरोबर असलेलं उत्तम: आमच्या डब्यात दशम्या, चटणी आणि कोरडी बटाट्याची भाजी असते. नदीकाठच्या गवतात बसून दशमी खाण्याचं सुख सँडविचला नाही. आणि चित्र काढता येत असो वा नसो, एक छोटी वही आणि पेन्सिल घ्याच. का ते पुढे येईल.

मॅनिंगट्री ते फ्लॅटफर्ड

स्थानकाच्या गाडीतळातून खाली पायवाट निघते. फ्लॅटफर्डच्या पाट्या बघत चला. रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे गेलात की थोड्याच वेळात नदीचा बांध लागतो. नदी उजव्या हाताला ठेवायची, ही एक खूण पुरे. अंतर जेमतेम दोन मैल, म्हणजे तीन-साडेतीन किलोमीटर, आणि सगळं सपाट. रमतगमत गेलात तरी तासाभरात पोचाल.

या टप्प्यावर विशेष काही नाही असं वाटेल. रेल्वेचा आवाज येतो, सुरुवातीला खाडीची दलदल असते. मग हळूहळू विलोची झाडं दिसू लागतात, पाणी गोड होतं आणि गुरं येतात. गुरांच्या मधून जायची वेळ आली तर शांतपणे, थोडं लांबून जा. वासरं आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. जे फाटक बंद दिसलं ते मागे बंदच करून पुढे व्हा.

चालताना पायाखालच्या वाटेकडे लक्ष द्या. ही जुनी घोड्यांची वाट आहे. 1705 मध्ये पार्लमेंटने कायदा करून ही नदी मालवाहतुकीसाठी खोल केली, आणि वरच्या सडबरी गावापासून खाली मिस्टलीपर्यंत पडाव चालू लागले. दोन-दोन पडाव जोडायचे, पुढे घोडा. खाली येताना पीठ आणि धान्य, वर जाताना कोळसा. पण काठाची जमीन ज्याची त्याची, त्यामुळे वाट मध्येच एका काठावर संपे आणि दुसऱ्या काठावर सुरू होई. मग घोड्यालाच पडावावर चढवून पलीकडे न्यायचं. 'द व्हाइट हॉर्स' (1819) या चित्रात नेमकं हेच चाललं आहे. शिवाय गुरं इकडची तिकडे जाऊ नयेत म्हणून वाटेवर आडवी कुंपणं असत आणि घोड्यांना ती उडी मारून ओलांडायला शिकवलेलं असे. 'द लीपिंग हॉर्स' (1825) मधला घोडा कुणा सरदाराचा नाही, पडाव ओढणारा आहे. मला हे कळलं तेव्हा त्या चित्रावरचं माझं प्रेम दुप्पट झालं.

फ्लॅटफर्ड: दुपार इथे घालवा

आधी लॉक लागतं. लॉक म्हणजे नदीच्या दोन पातळ्यांमधला, दोन्ही बाजूंना दारं असलेला हौद. पडाव आत घ्यायचा, दार लावायचं, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं, पुढचं दार उघडायचं. मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका, काठाला कठडा नाही आणि पाणी खोल आहे. 

लाकडी पूल ओलांडला की तुम्ही एसेक्समधून सफोकमध्ये आलात. पुलाशीच गवताने शाकारलेलं ब्रिज कॉटेज आहे. सोळाव्या शतकातलं हे घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, शेजारीच त्यांचं चहापानाचं ठिकाण आणि स्वच्छतागृह. गावात फिरायला तिकीट नाही. मोटारीने येणाऱ्यांना गाडी लावण्याचे पैसे पडतात.

आता घाई करून पांढऱ्या घराकडे पळू नका. कॉटेजजवळ जमिनीत खणलेला, लाकडाने बांधलेला एक खड्डा आहे. ही सुकी गोदी. गोल्डिंग कॉन्स्टेबल यांचे पडाव इथे बांधले जात. 'बोट-बिल्डिंग' चित्र इथलंच आहे, आणि ते त्याने बाहेर उघड्यावर, समोर बघत पूर्ण केलं. पडाव तयार झाला की पाणी आत सोडायचं आणि तो तरंगत नदीत न्यायचा. संग्रहालयातलं चित्र आठवत इथे उभं राहिलं की खोदकामाची उंची, पडावाचा आकार, कामगार कुठे बसला असेल हे सगळं जुळत जातं.

मग उजवीकडे वळून चक्कीवरून पुढे चला. विटांची ही चक्की 1943 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि 1946 पासून तिथे फील्ड स्टडीज कौन्सिलचं निवासी शिक्षणकेंद्र चालतं. इमारत आतून बघता येत नाही. शिकायला आलेली मंडळी तिथे राहतात, त्यामुळे खिडक्यांतून डोकावू नका. ज्यांना मनापासून आवड आहे त्यांनी तिथले चित्रकलेचे आणि निसर्ग-अभ्यासाचे निवासी वर्ग बघावेत.

चक्कीच्या पुढे डोह, आणि डोहापलीकडे डावीकडे ते घर. विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो या घरापासून फक्त चार रात्री दूर राहिला अशी गोष्ट सांगतात. घर आतून बंदच असतं, तेव्हा काठावरच थांबायचं. 

चक्कीच्या भिंतीजवळ उभं राहिलात की 'हे वेन'ची चौकट समोर येते. फोनवर चित्र उघडून ताडून बघा. घर तसंच आहे, झाडं नाहीत. उंच एल्म वृक्ष 1970 च्या दशकातल्या रोगाने इंग्लंडभर मेले, आणि त्यांच्याबरोबर कॉन्स्टेबलच्या चित्रातली आकाशरेषाही गेली. आज दिसणारी झाडी वेगळी आहे.

इथे सगळे विचारतात तो प्रश्न: गाडी पाण्यात का? एक उत्तर असं की डोहाच्या पलीकडे पाण्याला उतार आहे, तिथून कुरणात जायचं. दुसरं मला जास्त पटतं. कडक उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आटतं, लोखंडी धाव सैल होते, मग चाकं पाण्यात भिजवून लाकूड फुगवून घ्यायचं. घोड्यांनाही पाणी मिळतं. ज्याने बैलगाडीचं चाक जवळून पाहिलं आहे त्याला हे समजवावं लागणार नाही.

आता वही काढा. अर्धा तास तरी बसा. पुणे-मुंबईच्या कलाशाळांतली मुलं वाईला, मेणवलीच्या घाटावर बोर्ड घेऊन लँडस्केपला जातात, तसं. घर काढायचा हट्ट नको. कॉन्स्टेबलने 1821 मध्ये आपल्या मित्राला, जॉन फिशरला, पत्रात लिहिलं होतं की चक्कीच्या बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलो, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब आणि विटांचं बांधकाम या गोष्टी त्याला प्रिय आहेत. त्यातली एकच निवडा: पाण्यात उभा असलेला एखादा शेवाळलेला खांब. किंवा नुसतं आकाश. त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवरून ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे टिपून ठेवलं. तुम्हीही पानाच्या मागे तेवढं लिहा. चित्र जमलं नाही तरी ते तीन शब्द पुढे तो दिवस परत उभा करतात, हा माझा अनुभव आहे.

जेवण इथेच, नाहीतर पूल परत ओलांडून कुरणात. 

डेडम

पुलावरून एसेक्सच्या काठाला या आणि उजवीकडे वळा. नदी पुन्हा उजव्या हाताला. दीडेक मैलाची ही वाट सगळ्या दिवसातली सर्वांत सुंदर आहे: छाटलेल्या विलोंची रांग, संथ पाणी, आणि समोर डेडमच्या चर्चचा चौकोनी मनोरा. हा मनोरा कॉन्स्टेबलने इतक्या चित्रांत घातला आहे की ओळख पटायला वेळ लागत नाही. लहानपणी तो डेडमच्या शाळेत जात असे, म्हणजे ही त्याची रोजची शिवारं.

वाटेत एक पूल लागतो, फेन ब्रिज. आत्ता तो ओलांडू नका, परतताना लागेल.

डेडममध्ये सेंट मेरीज चर्चमध्ये जा. लोकर-कापडाच्या व्यापाराच्या पैशावर उभं राहिलेलं हे चर्च आहे आणि आत कॉन्स्टेबलचं 'द असेन्शन' म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचं चित्र आहे. त्याने धार्मिक चित्रं फारच थोडी काढली. खरं सांगायचं तर ते त्याचं उत्तम काम नाही, येशूपेक्षा विलो त्याला जास्त चांगला कळायचा. पण हेच कारण आहे ते बघण्याचं. 

पायांत जोर असेल तर गावाबाहेर मनिंग्ज कला संग्रहालय आहे. घोड्यांची चित्रं काढणारे सर आल्फ्रेड मनिंग्ज (1878–1959) इथे राहत. ते हिवाळ्यात बंद असतं, आणि तिकीट आहे. पहिल्या खेपेला संग्रहालय आणि नावेतली सफर यातलं एकच जमेल. मी नाव सुचवीन. हंगामात डेडमच्या पुलाजवळ वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात. कडक थंडी नसेल तर अर्धा-एक तास घ्या. काठावरून जी कुरणं दिसतात ती पाण्यावरून दिसत नाहीत, उलट विलोची मुळं, काठाची माती, फळ्यांचा बांध अगदी डोळ्यांच्या रेषेत येतात. पडाववाल्यांना नदी अशीच दिसत असणार. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका.

चहा, स्कोन, बेकरीचे पदार्थ गावात मिळतात. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही.

परतीला ईस्ट बर्गहोल्टवरून

आल्या वाटेने थेट परतता येतं. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर तेच करा. नाहीतर फेन ब्रिज ओलांडून फेन लेनने वर चढा. डेडमच्या शाळेत जायची कॉन्स्टेबलची वाट हीच, आणि 'द कॉर्नफील्ड' (1826) मधली गल्लीही हीच मानतात, तो पाणी पिणारा मुलगा ज्या चित्रात आहे ते. चढ सौम्य आहे.

वर ईस्ट बर्गहोल्टच्या चर्चला मनोरा नाही, नुसताच खालचा भाग आहे. 1525 मध्ये बांधायला सुरुवात झाली. आठव्या हेन्री राजाचा बलाढ्य मंत्री कार्डिनल वुल्झी याचं पाठबळ होतं म्हणतात, पण त्याची सत्ता गेली आणि काम थांबलं. घंटांसाठी म्हणून 1531 मध्ये चर्चच्या आवारात जमिनीवरच एक लाकडी पिंजरा बांधला, तात्पुरता. पाचही घंटा अजून तिथेच आहेत, आणि दोर न ओढता माणसं हातांनीच त्यांना ढकलून वाजवतात. मेणवलीच्या घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आपण जशी डोळ्यांच्या उंचीला बघतो, तशाच या दिसतात. जाळीतून त्यांचं वजन जाणवतं. आवारातच कॉन्स्टेबलच्या आई-वडिलांची आणि विली लॉटची थडगी आहेत. कॉन्स्टेबल स्वतः 1837 मध्ये लंडनमध्ये वारला, त्याची समाधी हॅम्पस्टेडला आहे.

गावातून फ्लॅटफर्डला उतरणारा रस्ता अरुंद आहे. त्याच्या बाजूने पायवाट आहे, तीच धरा. पूर्ण फेरी मॅनिंगट्री ते मॅनिंगट्री साधारण बारा-तेरा किलोमीटर होते. जेवण, चहा, वही, होडी सगळं धरून आठ तास ठेवा.

संध्याकाळी फ्लॅटफर्डहून शेवटचा टप्पा: नदी आता डाव्या हाताला. मोटारीने आलेले लोक एव्हाना गेलेले असतात, चक्कीच्या बांधातलं पाणी सकाळी ऐकू आलं नव्हतं ते आता ऐकू येतं. तिथे पाच मिनिटं थांबून मग निघा. स्थानकापर्यंत पाऊण ते एक तास लागतो, त्या हिशोबाने गाडी निवडा, आणि अंधार लवकर पडण्याच्या दिवसांत खिशात टॉर्च ठेवा, बांधावर दिवे नाहीत.